मोगरा लावला कोणी? (संतांच्या अभंगांतली शेतीभाती)

कुंडीतली माती

नमस्कार मंडळी,

गॅलरीतला मोगरा तीन वर्षांचा झाला. पानं तुकतुकीत, फांद्या ग्रिलमधून बाहेर डोकावतात, फूल मात्र आजतागायत एक नाही. परवा सकाळी त्याला पाणी घालताना सवयीने 'मोगरा फुलला' गुणगुणत होते आणि मध्येच अडखळले. लताबाईंचा आवाज आणि हृदयनाथांची चाल कानात इतकी मुरलीय की शब्दांकडे म्हणून कधी पाहिलंच नव्हतं.

इवलेंसें रोप लावियेलें द्वारीं ।
तयाचा वेलु गेला गगनावेरी ॥

'लावियेलें' म्हणजे लावलं. पण कोणी? ज्ञानदेवांनी स्वतः, की त्यांच्या दारात आणखी कोणी येऊन लावून गेलं? आपल्या भाषेत कर्ता गाळला तरी वाक्याचं काही बिघडत नाही, आणि इथे तर तो गाळल्यामुळेच मजा आहे.

मग नादच लागला. घरातली पुस्तकं काढली, झाडापेराच्या ओळी शोधत बसले. गंमत अशी की प्रत्येक ठिकाणी पात्रांची अदलाबदल झालेली. सावतोबांच्या मळ्यात देव म्हणजे साक्षात कांदा-मुळा आणि भक्त म्हणजे तो खुरपणारा माळी. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात मात्र उलट:

माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें ।
तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा ॥

इथे माळी दुसराच कोणी, आणि आपण व्हायचं ते पाटातलं पाणी. त्याच अध्यायात पुढे भक्त झाड झालाय. घाव घालणारा असो की लावणी करणारा, 'दोघां एकचि साउली' देणारं झाड. म्हणजे एकाच अध्यायात आधी पाणी, मग वृक्ष. तुकोबांकडे गेलं तर भक्त कधी फळ, कधी बी.

हे सगळे रूपक-अलंकार आहेत आणि सोयीप्रमाणे बदलतात, असं म्हणून पुस्तक मिटता येतं. पण ही माणसं मातीत वावरणारी. रोप आणि बी यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होता. तेव्हा प्रश्न असा: भक्तीच्या या शेतात माळी कोण, झाड कोण आणि पाणी कोण?

(मोगरा का फुलत नाही तेही कोणी सांगितलंत तर उपकार होतील.)

---

सहज वाचक

वाचतोय. खुर्ची ओढून बसलोय.

---

रोपवाटिका

आधी कंसातल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते देताना वरच्याचं थोडं सापडतंय असं वाटतं.

ताई, तुम्ही त्याला कधी कात्री लावली आहे का? 'फांद्या ग्रिलमधून बाहेर' यावरून तरी नसावी. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्यावर. जुनी फांदी लांबत राहिली की तो नुसता पाला करतो. त्यात वरून नत्राचं खत घालत असाल तर बघायलाच नको, पानं अजून तुकतुकीत होतील. थंडीत छाटायचा, पाणी कमी करायचं, ऊन भरपूर द्यायचं. उन्हाळ्यात बघा.

आता अभंग. 'फुले वेचितां बहरु कळियांसी आला' ही ओळ मी कित्येक वर्षं नुसती गोड ओळ म्हणून ऐकली. रोपं विकायला लागल्यावर कळलं की हे शब्दशः खरं आहे. फुलं वेळच्या वेळी खुडली की झाड नव्या कळ्या धरतं, झाडावरच सुकू दिली की मंदावतं. 'वेचितां' आणि 'बहरु' यांच्यात कार्यकारण आहे. फुलं काढून घेतली म्हणून बहर आला. आणि काढलेली फुलं कुठे जातात? पुढच्याच ओळीत मनाच्या गुंतीत त्यांचा शेला गुंफला जातो आणि तो विठ्ठलाला वाहिला जातो. साठवून ठेवलं नाही म्हणून वाढलं, असं त्या अभंगाचं गणित आहे.

दुसरी गोष्ट. तुम्ही 'लावियेलें' वर अडलात, मी 'रोप' वर अडलो. आपला मोगरा सहसा बी धरत नाही. एखाद्या जुन्या झाडाची फांदी घेऊन छाट कलम करा नाहीतर दाब कलम करा, नवा मोगरा हा असाच होतो. म्हणजे दारात मोगऱ्याचं रोप आहे याचा अर्थ आधी कोणाच्या तरी दारात मोगरा होता. आता हे ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेला लावून बघा. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव. थोरल्या भावाच्या झाडाची फांदी धाकट्याच्या दारी लागली. 'कोणी लावलं'चं उत्तर मला तरी निवृत्तिनाथ असं दिसतं.

---

शंकासुर

रोपवाटिका, लिहिलंय झकास, पण जरा जास्तच खोल खणताय. ज्ञानदेव कलमं बांधत होते याला पुरावा काय? शिवाय मोगरा हे झुडूप. 'वेलु गेला गगनावेरी' म्हणणाऱ्या कवीला वनस्पतिशास्त्रज्ञ ठरवून तुम्ही त्याचं कौतुक कसं काय करता?

आणि मातीतली माणसं, मातीतली माणसं म्हणून गहिवरण्याआधी सावतोबांचा मळा नीट बघा. 'लसुण मिरची कोथिंबिरी'. सावता माळी यांचा काळ १२५० ते १२९५ असा धरतात. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, त्यानंतर ती इकडे आली. तेराव्या शतकातल्या मळ्यात ती कशी उगवली? चमत्कार?

---

रोपवाटिका

वेली मोगरा नावाचा प्रकार असतो हो. आणि साधा मोगराही आधार दिला की चढतो, पूर्ण झुडूप नाही आणि पूर्ण वेलही नाही असं त्याचं अर्धवट काम आहे. गगनापर्यंत जात नाही हे मान्य. तिथे कवीला सूट द्या.

---

तळटीप

शंकासुरांचा मिरचीचा मुद्दा जुना आहे आणि रास्त आहे. दोन उत्तरं दिली जातात. एक, संस्कृतात 'मरीच' म्हणजे काळी मिरी. तेव्हा 'मिरची' हा शब्द मूळचा मिरीसाठी असू शकतो. दोन, सावतोबांचे फार थोडे अभंग आपल्याकडे आलेत आणि तेही काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून, अशी परंपरा सांगते. त्यानंतर कित्येक पिढ्या ते तोंडोतोंडी फिरले. गाणाऱ्याच्या मळ्यात जे होतं ते अभंगात शिरलं असेल.

---

शंकासुर

पहिलं उत्तर बाद. काळी मिरी हा वेल कोकण-केरळच्या दमट हवेत वाढणारा. सावतोबांचं अरण माढा तालुक्यात, सोलापूर जिल्ह्यात. तिथल्या मळ्यात लसणीशेजारी मिरी लावून दाखवा, मी वारीला येतो.

दुसरं पटण्यासारखं आहे. म्हणजे मिरची कोणा कीर्तनकाराने लावली.

---

कुंडीतली माती

'मिरची कोणा कीर्तनकाराने लावली' हे वाक्य उसनं घेतेय. शंकासुर, तुम्ही खोडायला आलात आणि धाग्यात एक माळी वाढवून गेलात की.

---

धावेवरचा बैल

मंडळी, मी पुस्तकं फार वाचलेली नाहीत, पण दारं धरलीत, म्हणजे वाफ्यांना पाणी पाजलंय. पाण्याबद्दल बोलतो.

आमच्या विहिरीवरची मोट मी पाहिली ती मोडून पडलेली. थोरल्या आजोबांनी मात्र ती चालवली होती आणि मरेपर्यंत तिच्याबद्दल बोलायचे. मोटेला दोर दोन. जाड तो नाडा, बैल ओढतात तो. बारीक तो सोंदूर, मोटेच्या सोंडेला बांधलेला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतरत्या वाटेवरून, चालत गेले की मोट वर येते, सोंदुरामुळे सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, सांडते, मग बैल उलट्या पावली मागं. दिवसभर तेच, खाली आणि वर. सावतोबांचं 'मोट नाडा विहीर दोरी, अवघी व्यापिली पंढरी' वाचलं की मला त्या 'दोरी'त सोंदूरच दिसतो. नाडा वेगळा सांगितलाय, दोरी वेगळी. ज्याने मोट हाकलीय त्याच्याच तोंडून हे दोन वेगळे निघतात. मिरची कोणीही घुसडो, नाडा आणि दोरी घुसडलेली वाटत नाही.

आता ती ओवी, माळी नेईल तिकडे निवांत जाणारं पाणी. ताई, पाणी निवांत जात नसतं. दारं धरायला उभे राहा म्हणजे कळेल. रात्रीची वेळ, हातात फावडं, पाय चिखलात. एका वाफ्याचं दारं मोडून दुसऱ्याचं बांधेपर्यंत पाणी तिसरीकडेच वाट काढतं. पाटाला उंदराचं बीळ असलं तर अर्धं पाणी शेजारच्याच्या रानात. पाणी निवांत जातं ते कधी? आदल्या दिवशी कोणीतरी उन्हात वाकून पाट सारखा काढला असेल, उतार धरला असेल, तण काढलं असेल तेव्हा. ज्ञानोबारायांनी 'निवांतचि गेलें' लिहिलं आणि माळ्याचे कष्ट एका शब्दात झाकले. मला ती ओवी पाण्याला केलेल्या उपदेशापेक्षा माळ्याची तारीफ जास्त वाटते.

तेव्हा माझं मत, माळी देवच. आपण पाणी, आणि निवांत तर मुळीच नाही.

---

कुंडीतली माती

बैलराव, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'होआवें गा' मधल्या त्या 'गा'मध्ये आतापर्यंत मला नुसती समजूत ऐकू येत होती. आता थोडी धाप पण ऐकू येतेय.

---

जात्याखालची

मला तुकोबांचं सेंद आठवलं.

पिकलिया सेंद कडूपण गेलें ।
तैसें आम्हां केलें पांडुरंगें ॥

सेंद म्हणजे शेंदाड. आमच्याकडे बाजरीच्या रानात, बांधावर आपोआप उगवायची. कोणी लावायचं नाही, कोणी पाणी घालायचं नाही. अंड्याएवढी, हिरवी, अंगावर पांढुरके पट्टे. लहानपणी धीर नसायचा. कच्चंच तोडून दात लावायचा आणि मग अर्धा दिवस जिभेवरून कडू जायचं नाही, पाणी प्यायलं तरी. आजी म्हणायची, वास सुटू दे. पिकलं की खरंच वास सुटतो, पिवळं पडतं आणि हात लावला की देठापासून अलगद निघतं. चव आंबटगोड. तेच फळ, तोच वेल.

तुकोबांनी आंबा नाही घेतला, फणस नाही घेतला. बाजारात ज्याला कोणी विचारत नाही ते रानचं शेंदाड घेतलं, आणि पुढे म्हणतात की काम क्रोध लोभ होते तिथेच निमाले. उपटून फेकले नाहीत, कापून काढले नाहीत. कडूपणा जिथे होता तिथेच त्याचं काहीतरी झालं.

ताईंचा प्रश्न इथे लावला तर उत्तर अवघड होतं. शेंदाडाला माळी नसतोच. तरी 'केलें पांडुरंगें'. मग पांडुरंग काय झाला? ऊन?

---

सहज वाचक

'मग पांडुरंग काय झाला? ऊन?'

इथे मी खुर्चीवरून उठून चहा करायला गेलो. परत आलो तरी तेच डोक्यात.

---

तळटीप

आतापर्यंत सगळे लावणी, पाणी आणि फळ यांवर बोलले. खुरपणीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून एकनाथांची गोष्ट.

नाथांचा अभंग प्रसिद्ध आहे. ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, 'अजानवृक्षाची मुळी कंठास लागली', आळंदीला येऊन ती काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला, मुळी दूर केली अशी कथा. तो वृक्ष आजही समाधीजवळ आहे आणि त्याच्या पारावर बसून पारायणं चालतात.

यानंतरचं काम इतिहासात नोंदलेलं आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी पाठ बदलले, भर घातली. नाथांनी ते निवडलं आणि शेवटी सज्जड दम भरला:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मराठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

माझा मुद्दा असा की स्वप्न आणि हे संपादन मला एकच काम वाटतं. गळ्याला आवळणारी मुळी ही बाहेरून आलेली नव्हती. ज्या पवित्र झाडाखाली समाधी घेतली त्याच झाडाची ती. तसंच ज्ञानेश्वरीत भर घालणारे शत्रू नव्हते, प्रेमानेच घालत होते. प्रेमाने वाढलेली मुळीसुद्धा कंठाला लागते आणि कोणीतरी जाऊन ती हलक्या हाताने सोडवावी लागते. यात नाथ माळी झाले, ज्ञानदेव झाडाखालची माती झाले, असं म्हणावं का? मला ठरवता येत नाही.

---

शंकासुर

मग तेच नाथ सावतोबांच्या मळ्यात गेले असते तर मिरची उपटली असती का?

---

तळटीप

बहुतेक हो. आणि आपली बरीच मंडळी हळहळली असती.

---

पूर्वेकडचा

थोडं अवांतर. मोगऱ्याचा विषय निघालाच आहे तर, १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स मराठीची स्तुती करताना म्हणतात, 'जैसी पुष्पांमाजी पुष्प मोगरी'. परदेशातून आलेला पाद्री गोव्यात बसून येशूची कथा ओवीत सांगतो आणि फुलांतून निवडतो तेही मोगराच. झाड कलमानेच पसरतं म्हणता ना, रोपवाटिका?

---

धावेवरचा बैल

तुकोबांचा 'सेत करा रे फुकाचें, नाम विठोबारायाचें' अजून कसा आला नाही धाग्यात? आमच्या भजनात तो होतो तेव्हा म्हातारी माणसं गालात हसतात. त्यातलं शेत बघा. वेठ नाही, शेतसारा नाही, वाटेकरी नाही, मालक तूच. नांगरणी नको, कुळवणी नको, पाभर धरायला नको, बियाणंसुद्धा नको. पीक जागच्या जागी उभं.

भक्ती सोपी आहे असं सांगण्यासाठी हा अभंग निरूपणात घेतात. घ्यावा. पण ज्याला शेतीतलं काहीच करावं लागत नाही असं शेत कोणाच्या मनात येतं? ज्याचं सगळं अंग शेतीत मोडलंय त्याच्याच. आधी कोणत्या गोष्टी नकोत त्याची यादी आहे, आणि तिची सुरुवात नांगरापासून नाही, वेठ आणि साऱ्यापासून आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाणिज्य होतं, शेती होती. कुठे दुखतं ते त्यांना ठाऊक होतं.

इथे माळी कोण विचाराल तर कोणीच नाही. माळ्याला सुट्टी दिलीय.

---

रोपवाटिका

मोगऱ्याला पाणी कमी करा असं मी वर लिहिलं त्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. डाळिंब, संत्रं, मोसंबी, सगळीकडे हेच. बहर धरायचा तर आधी पाणी तोडायचं. झाड सुकल्यासारखं होतं, पानं गाळतं. मग खत, मग पाणी, आणि एकदम कळी फुटते. सारखं पाणी मिळत राहिलं की झाड निवांत वाढत राहतं, फुलायचं त्याच्या मनातच येत नाही.

तुकोबांचंही असंच झालं असं मला नेहमी वाटतं. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ पडला नसता तर देहूत एक बरा चाललेला वाणी राहिला असता. ताण बसला आणि गाथा फुलली.

---

जात्याखालची

रोपवाटिका, तुमचं मोगऱ्याचं सगळं मान्य, पण इथे मी थांबवते.

डाळिंबाला ताण देणारा बागायतदार रोज जाऊन पानं बघतो. किती दिवस पाणी तोडायचं याचा हिशेब त्याच्याकडे असतो, झाड मरू द्यायचं नसतं. त्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनीच लिहून ठेवलंय: 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. मुलगाही गेला. त्या बाईच्या मरणाला आपण कशाचा ताण म्हणायचं? तिचा बहर कुठे आहे? तिची ओवीसुद्धा नाही आपल्याकडे.

रूपक माणसाच्या अंगावर घालताना मापाचं आहे का ते बघावं.

---

रोपवाटिका

चुकलं माझं. 'ताण बसला' हे फार सहज लिहून गेलो. वाक्य तसंच ठेवतो, तुमचा प्रतिसाद त्याखाली असू दे.

---

तळटीप

जात्याखालची यांच्याशी सहमत. फक्त एक अडचण नोंदवतो. तुकोबा स्वतः असं म्हणतात:

बरें जालें देवा निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें पीडा केली ॥

म्हणजे रोपवाटिका जे म्हणाले त्याच्या जवळपास जाणारं बोलणं त्यांच्या तोंडी आहेच.

---

जात्याखालची

आहे. ते त्यांनी म्हणावं. आपण त्यांच्याबद्दल म्हणू नये.

---

शंकासुर

या धाग्यात पहिल्यांदाच मला खोडायला काही सापडत नाहीये.

तेव्हा आपल्या सगळ्यांच्या बागेवर पाणी फिरवणारी एक ओळ देतो. तुकोबांचीच: 'बीज भाजुनि केली लाही'. तुम्ही सगळे रोप, वेल, बहर, फळ करत बसलात. हा माणूस बी घेतो आणि सरळ भट्टीत टाकतो. लाही झाली की ती उगवणार नाही. जन्ममरणाचा फेराच संपला. मुळात कोणाला उगवायचंच नाहीये! वारकऱ्यांच्या शेतीचा शेवट चुलीवर होतो.

(आणि हो, लाही फुलते मात्र बियाण्यापेक्षा सुंदर. हे मी खोडून काढण्याच्या नादात लिहून बसलो, दुर्लक्ष करा.)

---

कुंडीतली माती

अजिबात करणार नाही. लाहीलाही आपण 'फुलली' असंच म्हणतो ना? बीही फुललं, मोगराही फुलला. मी इतकी पुस्तकं काढली आणि हे कसं सुटलं?

---

पूर्वेकडचा

आधी अवांतर केलं, आता मुद्द्याचं. बंगाली वैष्णव कवी कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त चैतन्य महाप्रभू प्रयागला आपल्या शिष्याला, रूप गोस्वामींना, जो उपदेश करतात त्यात हेच रूपक अगदी सांगोपांग आहे. जीव ब्रह्मांडात भटकत असतो. एखाद्या भाग्यवंताला गुरू आणि कृष्णाच्या प्रसादाने भक्तिलतेचं बी मिळतं. तो माळी होऊन ते पेरतो आणि श्रवण-कीर्तनाचं पाणी घालतो. वेल वाढतो, ब्रह्मांड भेदून वर जातो, थेट कृष्णचरणांच्या कल्पवृक्षावर चढतो. ज्ञानदेवांचा 'गगनावेरी' तिथे फार पुढे गेलाय.

इथे ताईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. बी देणारा गुरू, माळी भक्त, पाणी श्रवण-कीर्तन. आणि दोन धोके सांगितलेत. एक, भक्तांचा अपराध हा माजलेला हत्ती, तो वेल मुळासकट उपटतो, म्हणून कुंपण घाल. तो तर दिसतो तरी. दुसरा धोका मला जास्त खरा वाटतो. वेलाबरोबर उपशाखा फुटतात, भोगाची इच्छा, मोक्षाची इच्छा, लाभ, मान, प्रतिष्ठा. त्या वाढतात कशावर? त्याच श्रवण-कीर्तनाच्या पाण्यावर. पाणी तेच, वाढतंय भलतंच, आणि मूळ वेल खुंटतो. त्या आधी छाट, असं सांगितलंय.

मीराबाईंच्या पदात आसवांनी शिंपून प्रेमवेल लावल्याचं येतं. पण उपशाखांचा हिशेब तिथे नाही. तो बंगालातच.

---

धावेवरचा बैल

त्याच पाण्यावर तण वाढतं हे सांगायला ग्रंथ कशाला पाहिजे, आमच्या बांधावर या. पण हे तण ओळखणं अवघड असतं बरं का. कोवळं असताना पीक आणि तण सारखंच दिसतं. नवखा खुरपायला बसला की हमखास पीक उपटतो.

---

कुंडीतली माती

सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाला सात-आठ माळी मिळाले आणि एका ठिकाणी माळ्याला सुट्टी. आता कोणा एकाची निवड करायची घाई मला राहिलेली नाही.

रोपवाटिका, काल मोगरा छाटला. फार जिवावर आलं. ग्रिलबाहेरच्या सगळ्या फांद्या काढल्या, आता वीतभर खुंट उरलाय. दोन फांद्या फेकवेनात म्हणून दुसऱ्या कुंडीत खोचल्यात. जगल्या तर शेजारच्या काकूंच्या दारात देईन.

एक विचारायचं राहिलं. छाटल्यावर माती मोकळी दिसली तर मोगऱ्याच्या बुडाशी काहीतरी इवलंसं उगवलेलं आहे. मी लावलेलं नाही. दोनच पानं आहेत. तुळशीचं असेल असं वाटतं, पण खात्री नाही. मोगऱ्याचं पाणी तोडायचं म्हणजे त्याचंही तुटणार. काय करू, उपटू?

---

धावेवरचा बैल

दोन पानांवर काही कळत नसतं. चार पानं येऊ द्या, मग एक चुरगाळून वास घ्या.

---

रोपवाटिका

तोवर चमच्याने थोडं पाणी त्याच्यापुरतं घाला. मोगऱ्याला कळणार नाही.